नाल्यापलीकडची गार

धर्मपाल वानखडे यांनी फोन फुटल्याची हकिकत पहिल्या दिवशी सांगितली, तेव्हा गार लिंबाएवढी होती. तिसऱ्या दिवशी ती संत्र्याएवढी झाली आणि आठवडा उलटला तरी अमरावतीच्या राजापेठेतल्या त्यांच्या गल्लीत ती नारळाच्या खाली उतरायला तयार नव्हती. गारेबरोबर हकिकतीतले धर्मपालही वाढत गेले. आधी ते झाडाच्या आडोशाला उभे होते, मग बांधावर आले आणि शेवटी मोकळ्या रानात छाती काढून, एका हातात फोन धरून फोटो काढू लागले. "सासूबाईले म्हटलं, तुमी झोपडीत बसा, मी हावो ना इथं," हे वाक्य तर त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की हळूहळू ते त्यांना स्वतःलाही आठवू लागलं.

एवढं मात्र खरं होतं की गार पडली होती, फोनवर पडली होती, आणि फोनात एकोणीस फोटो होते.

त्या साली कापूस बोंडअळीनं खाल्ला आणि मागं राहिलेल्या संत्र्यावर फेब्रुवारीत गार आली. धर्मपालांच्या सासूबाई दुर्गाबाई शेंदूरजनाघाटच्या पुढं सावरढाणा नावाच्या खेड्यात राहत. त्यांची एकशे दहा संत्र्याची झाडं नाल्याच्या पलीकडे होती, आणि सगळा घोळ त्या नाल्यानं केला. तलाठ्यानं पंचनाम्यात लिहिलं की गार नाल्याच्या अलीकडे पडली. पलीकडे निरंक, म्हणजे नुकसान शून्य. आता गारेला सर्व्हे नंबर कळतो, नाला आला की ती थबकते आणि आपल्या हद्दीतच पडते, असं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. पण कागदावर आलं की गारेलाही ते पाळावं लागतं. दुर्गाबाई चावडीवर जाऊन म्हणाल्या, माझी संत्री पडली. तलाठी म्हणाला, ती माकडांनी पाडली असतील. आणि दहा माणसांसमोर पुढं म्हणाला, "बाई, खोटं काहून बोलून राहिली?"

दुर्गाबाईंचं वय त्याहत्तर. गावात बांधाचं भांडण झालं तर दोन्ही बाजू त्यांनाच साक्षीला बोलावत, कारण त्या कोणाच्याच बाजूनं बोलत नसत. घरी येऊन त्यांनी मुलीला, म्हणजे धर्मपालांच्या बायकोला, फोन केला. "जमुना, पैसे नाही भेटले तरी चालते मले. पण माया नावापुढं ते निरंक नको. अन् खोटी तर नकोच."

जमुनाबाई हे सांगताना रडल्या, आणि धर्मपालांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की एकोणीस फोटो आपल्याजवळ आहेत, आता बघतोच. ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर वरिष्ठ लिपिक होते. हरकतीचा अर्ज त्यांनी असा लिहिला की तो वाचून तहसील कचेरीनं लगेच तारीख दिली. शुक्रवार, सकाळी अकरा. सोबत मूळ छायाचित्रे आणावीत.

मूळ छायाचित्रे ज्या फोनात होती त्याचा पडदा काळा ठिक्कर होता. बाकी फोन जिवंत होता. वाजायचा, थरथरायचा, बोट लावलं तर टिक् असा आवाजही द्यायचा, पण दाखवायचा काहीच नाही. मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला, या कंपनीनं इथलं दुकानच गुंडाळलं, डिस्प्ले मिळणार नाही. बोर्ड बदलतो, पण मग आतलं सगळं साफ होईल. मेमरी कार्डात फोटो असते तर प्रश्नच नव्हता. पण कार्ड गेल्या चौदा एप्रिलपासून भीमगीतं भरून घरच्या स्पीकरमध्ये बसलं होतं.

"ते तुमीच काढून देल्लं होतं," जमुनाबाईंनी आधीच सांगून ठेवलं.

गल्लीनं सल्ले द्यायला सुरुवात केली. एकानं फोन तांदळात ठेवायला सांगितला. दुसऱ्यानं तांदूळ पाण्यासाठी असतो, गारेला तुरीची डाळ बरी, असा सुधारित सल्ला दिला. फोन दोन दिवस डाळीच्या डब्यात राहिला. डब्यातून रिंग वाजली की जमुनाबाई कोपरापर्यंत हात घालून शोधत, आणि तोवर फोन बंद होई. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कोणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. तो अर्ज टाकायची धर्मपालांची खरोखर तयारी होती. माणूस ज्या हत्यारानं आयुष्यभर लढला ते त्याला आधी सुचतं.

शेवटी जमुनाबाईच ब्लाउज टाकायला जहीरभाई टेलरकडे गेल्या आणि उपाय घेऊन आल्या. जहीरभाईंच्या दुकानावर माडीवर त्यांची मुलगी हीना संगणकाचा क्लास चालवायची. तिच्या क्लासात एकही विकतचं सॉफ्टवेअर नव्हतं. आठही संगणक फुकटच्या प्रणालीवर चालत आणि त्यांना कधी व्हायरसही होत नसे.

"काका, आहे एक सॉफ्टवेअर," हीना म्हणाली. "यूएसबीची वायर लावायची, अन् फोनचा पडदा पूरा संगणकावर दिसते. माउसनं फोन चालवता येते. पैसे लागत नाहीत."

"फुकट?" धर्मपालांच्या कपाळाला आठी पडली. सरकारी नोकरीत फुकट मिळालेल्या वस्तूची पुढं चौकशी लागते, हा त्यांचा अनुभव. "कोणी बनोलं?"

"सगळ्यांनी. कोणी इथला, कोणी तिथला. जे जमते ते प्रत्येक जण लिहिते, अन् उघडं ठेवून देते. ज्याले पाहिजे त्यानं घ्यावं, चूक दिसली तर दुरुस्त करावं."

धर्मपाल विचारात पडले. जमुनाबाईंना मात्र ते लगेच पटलं. "अवो, पौर्णिमेच्या खीरदानासारखं हाय हे. कोणी दूध देते, कोणी साखर, कोणी नुसतं ढवळते. रांगेत उभं राहाणाऱ्याले आपण इचारतो का, तू काय देल्लं?"

"एकदम बरोबर काकी," हीना म्हणाली. क्लासातल्या पोरांना ही गोष्ट समजवायला तिला दोन तास लागत.

मग तिनं अडचण सांगितली. संगणक फोनाला जोडला की फोन आपल्या पडद्यावर विचारतो, या संगणकाला परवानगी द्यायची का? तिथं 'हो' दाबावं लागतं. आणि तो प्रश्न विचारावा म्हणून त्याआधी फोनाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक दार उघडावं लागतं.

"म्हणजे फोनचा पडदा दिसासाठी फोनचा पडदा दिसला पाहिजे," धर्मपाल म्हणाले.

"हो."

धर्मपालांच्या मनात त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल प्रथमच आदर निर्माण झाला. अर्जाला दाखला आणि दाखल्याला अर्ज, या तत्त्वावर त्यांचं टेबल एकतीस वर्षं उभं होतं. परक्या मुलखातल्या पोरांना हे कोणी शिकवलं असेल, याचं त्यांना कौतुक वाटलं.

तोड जहीरभाईंनी काढली. ते खालून चहा घेऊन वर आले होते. "भाऊ, अंधारात सुईत धागा ओवतो मी. बोटाले जागा ठाव पाहिजे, बस. असाच दुसरा फोन आणा. त्याच्यावरून कागदाचा फर्मा कापून देतो. जिथं बटन, तिथं भोक. फर्मा तुमच्या फोनवर ठेवायचा अन् भोकात बोट घालायचं."

सगळ्यांनी जहीरभाईंकडे आदरानं पाहिलं. एकट्या धर्मपालांचा चेहरा उतरला, कारण असाच दुसरा फोन जगात कोणाकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

तो अकोल्याला होता. जानराव या त्यांच्या साडूकडे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत दोघांनी जोडीनं घेतला होता, जोडीनं घेतला तर कव्हर फुकट होतं म्हणून. जानराव थोरले जावई आणि धर्मपाल धाकटे. सासूबाईंच्या घरी आमरसाची दुसरी वाटी आधी कोणाला, या प्रश्नावर दोघांमध्ये अठरा वर्षं अघोषित युद्ध चालू होतं. गारांच्या हकिकतीनं धर्मपाल नुकतेच पुढं गेले होते. जानरावांच्या खात्यात तसलं काही नव्हतं. एकदा विहिरीत पडलेली बादली काढून दिली होती, तीही बरीच जुनी झाली होती.

"फोन एकटा नाही पाठोत मी," जानराव म्हणाले. "फोनसंगं मी येतो."

बुधवारी ते एसटीनं आले. फोन रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात होता. राजापेठेत उतरल्यापासून त्यांनी तो कोणाच्या हाती दिला नाही, हीनाच्याही नाही. "तुमी सांगा पोरी, बोट मी लावतो."

माडीवर कामाला सुरुवात झाली. हीनानं जानरावांना सेटिंग उघडायला लावलं, मग आणखी आतलं पान, मग शेवटची एक ओळ. "आता या ओळीवर सात वेळा बोट मारा."

"सात कावून?"

"तसंच आहे ते."

जानरावांनी सात वेळा बोट मारलं. पडद्यावर अक्षरं आली की आता तुम्ही डेव्हलपर झाला आहात. ते त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि अकोल्याला बायकोला फोन लावला. "आयकलं का, मी डेव्हलपर झालो. हो, अमरावतीत. नाही, परीक्षा नव्हती." त्यानंतर दिवसभर धर्मपालांशी ते जरा वरच्या पट्टीत बोलत राहिले.

जहीरभाईंनी प्रत्येक पानाचा फर्मा खाकी कागदावर उतरवला. टेपनं माप घेतलं, खडूनं खूण केली, कात्रीनं भोक पाडलं. "भाऊ, तुमचं बोट दाखवा," म्हणून धर्मपालांचं बोट मोजलं आणि भोकाला दोन सूत मार्जिन सोडली. सहा फर्मे झाले. धर्मपालांनी त्यांवर क्रमांक घातले, तारीख घातली, आणि सवयीनं खाली सहीला जागा सोडली.

पहिला फर्मा काळ्या फोनावर ठेवला. धर्मपालांनी श्वास रोखून भोकात बोट घातलं. टिक् झालं. सगळे खूश झाले. दुसरा फर्मा ठेवला. पुन्हा टिक्. तिसऱ्याला फोन गप्प राहिला.

"थांबा, फोनला विचार करू द्या," हीना म्हणाली.

फोन विचार करत असताना माणसं काय करणार? बोलत बसली. विषय अर्थात तलाठ्याचा निघाला.

"तो माणूस नाल्यापर्यंत गेलाच नाही," धर्मपाल म्हणाले. "टपरीवर बसून पंचनामा केला त्यानं. मी लेखी देतो. नाल्यात पाय ओला होते म्हणून गार अलीकडेच थांबोली."

"त्याले गार कोणती अन् साबुदाणा कोणता, हे तरी समजते का?" जानराव म्हणाले.

"समजते. साबुदाणा खाता येते."

दोघा साडूंचं अठरा वर्षांत प्रथमच इतकं जमलं. मग तलाठ्याच्या मोटारसायकलीबद्दल, पोटाबद्दल आणि हस्ताक्षराबद्दल बोलणं झालं. जहीरभाईंनी त्याच्या पँटचा घेर नजरेनंच काढून सांगितला, तोही न बघता. अशी चांगली दहा-अकरा मिनिटं गेली. तेवढ्यात कुठून तरी बारीक आवाज आला, "झालं का बोलून?"

सगळ्यांनी संगणकाकडे पाहिलं.

"हीना," धर्मपाल हळूच म्हणाले, "हे फुकटचं सॉफ्टवेअर बोलते बी काय?"

"वायर तर अजून लावलीच नाही काका."

फोन पुन्हा बोलला. "मी तलाठी बोलून राहिलो. तुमचाच फोन आला. शुक्रवारी भेटू." आणि बंद झाला.

चूक साधीच होती. जानरावांच्या फोनात जिथं सेटिंग होतं, तिथं धर्मपालांच्या फोनात फोन लावायचं बटन होतं. आणि मागच्या पंधरवड्यात धर्मपालांनी बावीस वेळा ज्याला फोन लावला आणि ज्यानं बावीसही वेळा तो उचलला नाही, तो माणूस यादीत सर्वांत वर होता. तेविसाव्या वेळी त्यानं उचलला. सरकारी यंत्रणा नको तेव्हा तत्पर होते, हे धर्मपालांनी आतून पाहिलं होतं. आज बाहेरून पाहिलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. शुक्रवारी ज्याच्यासमोर सासूबाईंचा खरेपणा सिद्ध करायचा, त्याचं पोट त्यांनी आत्ताच मोजलं होतं. आता तर फोटो हवेतच हवेत, त्यांच्याशिवाय तोंड दाखवायला जागा नव्हती.

"पण तुमच्या फोनमध्ये सेटिंग कुठं ठेवलं आहे?" हीनानं विचारलं.

धर्मपालांना सांगता येईना. दोन वर्षं रोज पाहिलेला पडदा, पण डोळ्यांसमोर यायला तयार नाही. तेव्हा दाराशी बसून हे सगळं पाहत असलेल्या जमुनाबाई पुढं आल्या. "सरका. यायच्या फोनची रिंगटोन कोण बदलते? मीच ना. खालून दुसरी ओळ, तिसरं चाक." त्यांनी जहीरभाईंकडून खडू घेतला, कागदावर खूण केली, आणि जहीरभाईंनी नवं भोक पाडलं.

पुढचे फर्मे भराभर चालले. सात वेळा बोट जमुनाबाईंनी मारलं. वायर लावली. परवानगीचा प्रश्न आता त्या काळ्या काचेमागं नक्की आला असेल, या विश्वासावर सहावा फर्मा ठेवला आणि धर्मपालांनी डोळे मिटून 'हो' दाबलं.

संगणकावर फोनाचा पडदा उमटला. जसाच्या तसा. वर घड्याळ, खाली चाक, मधे विहाराचा फोटो. माडीवर असा आनंद झाला की खालच्या दुकानातून गिऱ्हाईक वर आलं. धर्मपालांनी हीनाच्या डोक्यावर हात ठेवला, जहीरभाईंना मिठी मारली, आणि त्याच झोकात जानरावांनाही मारली. मग एकमेकांनाही नीट न ओळखणाऱ्या त्या दूरदूरच्या लोकांनी फुकट लिहून उघड्यावर ठेवलेल्या सॉफ्टवेअरला उद्देशून ते म्हणाले, "साधू, साधू." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते.

"आता फोटो," जानराव म्हणाले. "छाती काढून उभे असलेले."

"मी फोटोत नाही ना, मी तर काढून राहिलो होतो," धर्मपाल म्हणाले, आणि हीनानं पहिला फोटो उघडला.

फोटोत धर्मपालच होते.

झालं असं होतं की त्या सकाळी जमुनाबाईंनी आईसोबत सेल्फी काढला होता आणि कॅमेरा तसाच उलटा राहिला. धर्मपालांचा चष्मा खिशात, पडद्यावर पाणी, आणि फोटो काढणारा माणूस पडद्याकडे बघायच्या मनःस्थितीत नव्हता. का नव्हता, हे एकोणीसही फोटोंत स्पष्ट दिसत होतं. ते उकिडवे बसले होते. डोक्यावर घमेलं होतं. एका हातानं घमेलं धरलेलं, दुसरा हात लांब करून फोन बाहेर. पाचव्या फोटोत त्यांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. चौदाव्यात तोंड उघडं होतं. आणि प्रत्येक फोटोत त्यांच्या मागं नाल्यावरची मोरी, म्हणजे तिथला लहानसा पूल, पलीकडच्या बाजूनं दिसत होती, जमीन गारांनी पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्या जमिनीवर दुर्गाबाई, डोक्यावर नुसता पदर घेऊन, पडलेली संत्री टोपलीत वेचत होत्या.

मग जानराव म्हणाले, "चौदावा पुन्हा दाखोजा पोरी."

धर्मपालांनी हीनाला बाजूला घेतलं. "मले कापून काढता येईन का याच्यातून?"

"येते काका. पण मोरी घमेल्याच्या मागूनच दिसून राहिली आहे. तुमाले कापलं का मोरी बी जाते. मग हे नाल्याच्या कोणत्या बाजूचं, ते कोण सांगणार? अन् त्यायनं मूळ फोटो मागितले ना."

क्षणभर धर्मपालांच्या मनात आलं की सांगावं, फोटो निघालेच नाहीत. माडीवरची पाच माणसं सोडली तर कोणाला कळणार होतं? जानरावांना अकोल्याला जाऊ द्यायचं नाही, एवढंच करावं लागलं असतं. गल्लीतली नारळाएवढी गार नारळाएवढी राहिली असती. त्यांनी जमुनाबाईंकडे पाहिलं. जमुनाबाई हसत नव्हत्या. त्या संगणकावरच्या आपल्या आईकडे बघत होत्या.

"आईले काय सांगू मी?" त्यांनी विचारलं.

"सांग, फोटो भेटले," धर्मपाल म्हणाले. "रंगीत काढून घे हीना. मोठे काढ."

शुक्रवारी तहसील कचेरीत दुर्गाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. जानरावांनी अकोल्याचं परतीचं तिकीट पुढं ढकललं होतं; अशी सुनावणी चुकवणारा साडू अजून जन्मायचा आहे. साहेबांनी फोटो एकेक करून पाहिले. मोरी पाहिली. गारा पाहिल्या. चौदाव्या फोटोवर थोडे जास्त थांबले, खोकले, आणि फोटो तलाठ्याकडे सरकवत म्हणाले, "मोरी पलीकडूनच दिसते आहे. पंचनामा दुरुस्त करा. जे दिसते ते सगळं लिहा."

"सगळंच लिहितो साहेब," तलाठी म्हणाला, आणि धर्मपालांकडे बघून त्यानं पेनाचं टोपण काढलं.

तो पाऊण तास लिहीत होता. अक्षर त्या दिवशी सुंदर आलं. मग दुर्गाबाई म्हणाल्या, "मले वाचता येत नाही. जवाईबापू, तुमीच वाचा. जरा जोरात, तिकडच्या लोकायले बी आयकू जाऊ द्या."

धर्मपालांनी वाचलं. "सदर छायाचित्रात नाल्याच्या पलीकडील बाजू, जमिनीवर गारांचा थर, गळालेली संत्री व संत्री वेचत असलेली अर्जदार महिला स्पष्ट दिसते. सबब अर्जदाराचे म्हणणे खरे आहे." इथं त्यांचा आवाज खणखणीत होता. मग तो थोडा खाली आला. "छायाचित्राच्या पुढील बाजूस एक इसम घमेल्याखाली उकिडवा बसलेला आहे. त्याचे डोळे मिटलेले असून तोंड उघडे आहे. सदर इसम भयभीत झाल्याचे दिसून येते. गारेचा आकार, लिंबाएवढा."

कचेरीत जागोजागी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"इसमाची ओळख पटवावी लागते," तलाठी नम्रपणे म्हणाला. "रकाना रिकामा ठेवता येत नाही."

हा नियम धर्मपालांइतका कोणाला ठाऊक होता? एकतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. ते सरळ उभे राहिले. अगदी छाती काढून म्हटलं तरी चालेल. "लिहा. धर्मपाल वानखडे, वरिष्ठ लिपिक. अर्जदाराचा जवाई."

"धाकटा," जानरावांनी मागून सुचवलं.

खाली छापील ओळ होती, पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर आहे. धर्मपालांनी तिच्याखाली सही केली.

बाहेर आल्यावर दुर्गाबाईंनी विचारलं, "निरंक गेलं ना?"

"गेलं आई. तुमचं म्हणणं खरं हाय, असं लिहिलं. शिक्का बी मारला."

दुर्गाबाईंनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं, आणि पहिल्या दोन फोडी धर्मपालांच्या हातावर ठेवल्या. जानरावांना नंतर दिल्या. ते जानरावांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी राजापेठेत निवृत्त मुख्याध्यापक ओट्यावरच बसले होते. "काय वानखडे, झाला का निकाल? अन् गार केवढी होती म्हणता? नारळाएवढी ना?"

"लिंबाएवढी," धर्मपाल म्हणाले. "सही करून आलो."